निळ्या डब्यातला प्लूटो : सात महिने वापरल्यावर

पहिले तीन दिवस मी प्लूटो नावाच्या या रेडिओच्या डब्याला शिव्या घालत होते. लॅपटॉपला जोडलाय, दिवा लुकलुकतोय, जीएनयू रेडिओ हे सॉफ्टवेअर कुठलीही एरर देत नाही, आणि पडद्यावर नुसतं गवत. सिग्नलचा पत्ता नाही. चौथ्या दिवशी भिंग घेऊन अँटेनाचं टोक पाहिलं तेव्हा उलगडा झाला. लांब अँटेना बरी म्हणून मी घरातल्या जुन्या वायफाय राउटरची काढून लावली होती. राउटरवर असतं ते आरपी-एसएमए कनेक्टर. आटे तेच, घट्ट बसतंही, पण मधे पिन नसते, भोक असतं. प्लूटोच्या एसएमएलाही मधे भोकच. भोकाला भोक लावून मी तीन दिवस वाट बघत बसले होते. चौदा वर्षं ईएनटीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स-टेलिकॉमच्या) पोरांना शिकवणाऱ्या बाईने हे चारचौघांत सांगावं का, हा प्रश्नच आहे. पण नव्याने घेणाऱ्यांचे तीन दिवस वाचतील. डब्यासोबत दोन छोट्या अँटेना येतात, त्याच वापरा.

तर हा अॅनालॉग डिव्हायसेस कंपनीचा अडाल्म-प्लूटो. सॉफ्टवेअर डिफाइन्ड रेडिओ, म्हणजे सिग्नलचं बहुतेक काम सॉफ्टवेअरवर सोडणारा. हातात मावेल एवढा निळा प्लास्टिकचा डबा, आत एडी९३६३ हा ट्रान्सीव्हर आणि झायलिंक्सची झिंक ७०१० चिप. कागदोपत्री पल्ला ३२५ मेगाहर्ट्झ ते ३.८ गिगाहर्ट्झ, बँडविड्थ २० मेगाहर्ट्झपर्यंत, १२ बिटांचे कन्व्हर्टर, आणि महत्त्वाचं म्हणजे एकाच वेळी पाठवतोही आणि ऐकतोही. आमच्या दारात येईपर्यंत पाच आकडी रक्कम झाली. कॉलेजच्या खरेदीत तीन कोटेशन गोळा करता करता दोन सेमिस्टर गेली असती, म्हणून स्वतःच्या पगारातून घेतला.

घेतला कशासाठी, तर एका धड्यासाठी. मल्टिकॅरिअर मॉड्युलेशन, म्हणजे माहिती अनेक बारीक सबकॅरिअरांवर वाटून पाठवणं. चौदा वर्षं फळ्यावर तेच चित्र काढते: एकमेकांत घुसलेल्या साइन-एक्स-बाय-एक्सच्या टेकड्या, एकीच्या शिखरापाशी बाकी सगळ्या बरोबर शून्यावर. हीच ऑर्थोगोनॅलिटी. बेल लॅब्जमध्ये रॉबर्ट चँगने १९६६ साली हे मांडलं, १९७१ मध्ये वाइनस्टीन आणि एबर्ट यांनी ऑसिलेटरांच्या रांगेऐवजी डीएफटी हे गणित वापरून दाखवलं, १९८० मध्ये पेलेड आणि रुईझ यांनी सायक्लिक प्रीफिक्स (प्रत्येक सिंबॉलच्या शेवटच्या तुकड्याची नक्कल त्याच्याच पुढे) जोडला. हेच ओएफडीएम. आज वायफाय, ४जी, ५जी सगळं त्यावर. पोरं लिहून घेतात, पेपरात उतरवतात, विसरतात. आणि दरवर्षी एखादी हुशार मुलगी विचारते, ‘मॅडम, ऑर्थोगोनल नसेल तर काय होईल?’ मी दरवर्षी म्हणायचे, गोंधळ होईल. तो गोंधळ मी स्वतः कधी पाहिला नव्हता.

आता सेटअप. प्लूटोच्या टीएक्सपासून (पाठवणारं तोंड) आरएक्सपर्यंत (ऐकणारं) सोबत आलेली छोटी केबल, मधे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला ३० डीबीचा अॅटेन्युएटर, म्हणजे सिग्नल क्षीण करणारा तुकडा. हा अॅटेन्युएटर ऐच्छिक समजू नका. पूर्ण पॉवर सरळ केबलने रिसीव्हरच्या तोंडात ओतली तर ती त्याच्या मर्यादेपलीकडे जाते. शिवाय हवेत सोडायचं नाही, हा माझा नियम. अमेरिकेतले बहुतेक धडे ९१५ मेगाहर्ट्झवर असतात. तिकडे तो मोकळा बँड आहे, आपल्याकडे तिथे मोबाइलचा अपलिंक. आपला ८६५ ते ८६८ विनापरवाना आहे खरा, पण त्यात एका कॅरिअरला २०० किलोहर्ट्झचीच मुभा. आणि आमचं घर जुन्नर तालुक्यात, खोडद फार लांब नाही. तिथल्या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आकाशातलं अतिक्षीण काहीतरी ऐकत बसलेल्या असतात. त्यांच्या शेजारी राहून हौसेखातर हवेत कचरा सोडणं मनाला पटत नाही. केबल बरी.

प्लूटो जोडणं सोपं आहे, हे मान्य करायला हवं. लॅपटॉपला तो पेनड्राइव्हसारखा दिसतो, आत माहितीचं एक पान असतं, आणि १९२.१६८.२.१ या पत्त्यावर नेटवर्कसारखा भेटतो. फर्मवेअर बदलायचं तर फाइल त्यात टाकायची आणि इजेक्ट करायचं. लॅबमध्ये पोरांच्या हाती द्यायला याहून सोपं काही मी पाहिलेलं नाही.

पहिला प्रयोग साधा. ओएफडीएमचा सिग्नल, मधले १२ सबकॅरिअर (फळ्यावरच्या टेकड्या) बंद. म्हणजे शेतात मधल्या काही सऱ्या पडीक ठेवायच्या आणि तिथे किती तण उगवतं ते बघायचं. स्पेक्ट्रमवर खड्डा दिसला, पण उथळ, २० डीबीच्या आसपास. बाजूच्या सबकॅरिअरच्या शेपट्या आत घुसलेल्या. ओएफडीएममध्ये प्रत्येक सबकॅरिअर चौकोनी पल्सचा असतो, त्यामुळे त्याचा पहिला साइडलोब फक्त १३ डीबी खाली असतो आणि पुढचे सावकाश उतरतात. स्वतःच्या भावंडांना तो त्रास देत नाही, कारण त्यांच्या जागी बरोबर शून्य. शेजाऱ्याला मात्र देतो, कारण शेजारी त्याच्या तालात नसतो.

मग तोच खड्डा एफबीएमसी (फिल्टर बँक मल्टिकॅरिअर) या पद्धतीने काढला. प्रत्येक सबकॅरिअरला स्वतंत्र गाळणी, फिडियास या युरोपीय प्रकल्पातला प्रसिद्ध प्रोटोटाइप फिल्टर, ओव्हरलॅप ४ (एक पल्स चार सिंबॉलांच्या वेळेवर पसरते). खड्डा सरळ विहिरीसारखा खाली गेला, ४० डीबीपर्यंत, आणि तळाला लागला तोही फिल्टरचा नव्हे, माझ्या मांडणीच्या नॉइजचा तळ. मी खुर्चीतून उठून आत सासऱ्यांना बोलावून आणलं. आम्ही त्यांना दादा म्हणतो. दादांनी दोन्ही चित्रं पाहिली, पहिल्यावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “हा बांध कोरतोय.” चौदा वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्याने अॅडजसंट चॅनेल लीकेज (शेजारच्या चॅनेलमध्ये गळणं) इतक्या कमी शब्दांत सांगितलेलं नाही.

बांधाचा हिशोब खरोखर मोठा आहे. एलटीईच्या (म्हणजे ४जीच्या) १० मेगाहर्ट्झमध्ये ६०० सबकॅरिअर, प्रत्येकी १५ किलोहर्ट्झ, म्हणजे पेरलेली जमीन ९ मेगाहर्ट्झ. उरलेला एक बांधापोटी. वर प्रत्येक सिंबॉलला ४.७ मायक्रोसेकंदांचा सायक्लिक प्रीफिक्स, म्हणजे वेळेतलाही सात टक्के गेला. ऑर्थोगोनॅलिटीचं हे भाडं. ते वाचवायचं म्हणून २०१० नंतरच्या दशकात ५जीसाठी मंडळी नॉन-ऑर्थोगोनल वेव्हफॉर्मच्या मागे लागली. २०१२ मध्ये सुरू झालेल्या एका युरोपीय प्रकल्पाचं नावच ५जीनाऊ, आणि त्यातल्या ‘एनओ’चा अर्थ नॉन-ऑर्थोगोनल.

सिद्धान्त सांगतो की हे फुकट मिळत नाही. बालियन आणि लो यांच्या नावाचं एक प्रमेय आहे. साध्या भाषेत: पल्स वेळेत आणि फ्रिक्वेन्सीत दोन्हीकडे आटोपशीर हवी, जागा पूर्ण वापरायची, आणि ऑर्थोगोनॅलिटीही सांभाळायची. पाट दोनच आणि जेवायला तिघे. ओएफडीएमने आटोपशीरपणा उठवला. एफबीएमसीने ऑर्थोगोनॅलिटीचा अर्धा पाट काढून घेतला: ती फक्त रिअल भागात टिकते, इमॅजिनरी भागात शेजाऱ्यांचा गलका चालू असतो. कागदावर हे वाक्य निरुपद्रवी वाटतं. प्लूटोवर चॅनेल मोजायला पायलट (आधीच ठाऊक असलेला सिंबॉल) टाकला तेव्हा कळलं, की तो इमॅजिनरी गलका पायलटमध्येच मिसळतो आणि चॅनेलचा अंदाज वेडावाकडा येतो. त्याला उतारा म्हणून शेजारी आणखी एक मदतनीस पायलट ठेवावा लागतो. ओएफडीएममध्ये जे काम एका भागाकाराचं, ते इथे दोन रविवारांचं झालं.

दुसरं, शेपट्या. फ्रिक्वेन्सीत कापल्या त्या वेळेत वाढल्या. ओव्हरलॅप ४ असताना चार सिंबॉल पाठवायचे तर साडेसात सिंबॉलांचा वेळ लागतो. मोठा व्हिडिओ पाठवताना हे जाणवणार नाही. पाण्याच्या मीटरने दिवसातून एकदा इवलासा निरोप पाठवायचा असेल, तर वरातीपेक्षा घोड्याचाच खर्च जास्त.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात जास्त झोंबली. ती विहीर जाहिरातीसारखी खोल दिसत होती तोवर मी पॉवर जपून वापरत होते. मग मधे एक स्वस्तातला ब्रॉडबँड अॅम्प्लिफायर जोडला, पुढे अॅटेन्युएटर वाढवले, आणि प्लूटोचं टीएक्स अॅटेन्युएशन हळूहळू कमी करत गेले. विहीर भरत आली. अॅम्प्लिफायर ताणला की तो सरळ राहत नाही, शिखरं चेपतो, आणि चेपलेल्या शिखरांतून नवा कचरा बाजूच्या चॅनेलमध्ये उगवतो. एफबीएमसीचीही शिखरं ओएफडीएमइतकीच उंच, त्यामुळे त्या अॅम्प्लिफायरपाशी दोघे भाऊ-भाऊ. मोबाइलमधला अॅम्प्लिफायर माझ्यापेक्षा चांगला असतो, पण बॅटरी वाचवायला तोही ताणूनच चालवतात. सिम्युलेशनच्या आलेखांत हे नसतं. या एका संध्याकाळीसाठी डब्याचे पैसे वसूल झाले असं मी धरते.

जीएफडीएम या पुढच्या पद्धतीची गंमत वेगळी. ड्रेस्डेनच्या गेरहार्ड फेटवाइस आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये मांडलेली कल्पना: सबकॅरिअर आणि उपसिंबॉल यांचा एक चौकोनी ठोकळा करा, पूर्ण ठोकळ्याला मिळून एकच प्रीफिक्स लावा, आणि शेपट्या ठोकळ्याच्या आतच गोल फिरवा. इथे ऑर्थोगोनॅलिटी सोडूनच दिलेली. मी ६४ सबकॅरिअर घेतले आणि उपसिंबॉल ४. दोनाचे घात, एफएफटीला सोपं, हा माझा शहाणपणा. झीरो-फोर्सिंग रिसीव्हर (मॅट्रिक्स उलटवून गुंता सोडवणारा) लावला तर आकडे थेट आभाळात. दोन रात्री कोडमधली चूक शोधली. चूक कोडमध्ये नव्हतीच: सममित फिल्टर असताना दोन्ही संख्या सम घेतल्या की मॅट्रिक्सचा इन्व्हर्सच नसतो. उपसिंबॉल ५ केले आणि पडद्यावरचे ठिपके (एक ठिपका म्हणजे पकडलेला एक सिंबॉल) चार कोपऱ्यांत जाऊन बसले, थोडे जाडसर. जाडसर, कारण आपसातला गोंधळ निस्तरताना झीरो-फोर्सिंग थोडा नॉइजही फुगवतो.

आणि शेवटचा प्रकार, एसईएफडीएम. हा सगळ्यांत उघडपणे नियम मोडणारा. दारवाझे आणि रॉड्रिग्ज यांचा २००३ मधला लंडनचा प्रस्ताव: सबकॅरिअरमधलं अंतर सरळ कमीच करा. हे अंतर किती पट ठेवलं ते म्हणजे अल्फा. अल्फा ०.८ म्हणजे ६४ सबकॅरिअर ५१च्या जागेत. याच घरातला मोठा भाऊ वेळेच्या बाजूने १९७५ मध्येच आला होता: बेल लॅब्जच्या मेझोने दाखवलं की ठरलेल्या वेगापेक्षा २५ टक्के जलद पल्स सोडल्या तरी सर्वांत जवळच्या दोन शक्यतांमधलं अंतर कमी होत नाही. माहिती हरवत नाही, फक्त गुंतते. सोडवायला डोकं लागतं. किती, ते लॅपटॉपच्या पंख्याने सांगितलं. फक्त १६ सबकॅरिअर, क्यूपीएसके (प्रत्येकावर चार शक्यता), आणि सगळ्या शक्यता तपासायच्या तर ४ चा १६वा घात, ४२९ कोटींच्या वर. तेही एका सिंबॉलसाठी. स्फिअर डिकोडर (फक्त जवळपासच्या शक्यता तपासणारा) घातल्यावर जमलं, पण नॉइज वाढला की त्याचा वेळही वाढतो, अगदी जेव्हा उत्तराची घाई असते तेव्हा. साध्या रिसीव्हरवर ठिपके म्हणजे मुंग्यांचं वारूळ. आमच्या दरवर्षीच्या हुशार मुलीचा यंदाचा अवतार शेजारी उभा होता. तिला म्हटलं, हा बघ गोंधळ. ती म्हणाली, “मॅडम, पण हा सुटतोय की.” सुटत होता.

आता डब्यातलं उणं.

यूएसबी २.० ही त्याची मोठी अडचण. चिप सेकंदाला ६ कोटी १४ लाख सॅम्पल घेऊ शकते, पण प्रत्येक सॅम्पल ४ बाइटचं, म्हणजे सेकंदाला २४५ मेगाबाइट, आणि या वायरीतून त्याचा पाव भागही जात नाही. अखंड प्रवाह हवा तर काही मेगासॅम्पलांवर समाधान मानायचं. मी छोटे तुकडे बफरमध्ये भरून, पकडून, मग निवांत सोडवते. शिकण्यापुरतं पुरतं. प्रत्यक्ष लिंक चालवायची असेल तर हिरमोड होईल.

डायरेक्ट कन्व्हर्जन असल्यामुळे स्पेक्ट्रमच्या बरोब्बर मधोमध एक खिळा उभा दिसतो. तो दोष समजून डबा परत पाठवू नका. मधला सबकॅरिअर रिकामा सोडा. एलटीईची डाउनलिंकही तेच करते.

एक पाठवणारा, एक ऐकणारा, एवढंच बाहेर काढलेलं आहे, त्यामुळे मायमो (एकाच वेळी अनेक अँटेना) विसरा. नंतरच्या आवृत्तीत आत जास्तीची जोडणी आहे, पण बारीक कनेक्टरांशी झटापट करण्याची तयारी हवी.

आणि क्रिस्टल, म्हणजे डब्याचं घड्याळ. यावर मला जरा जास्त लिहायचंय. माझ्या आवृत्तीतल्या क्रिस्टलची अचूकता २५ पीपीएम (दहा लाखांत २५). एकाच डब्यात केबल लावून प्रयोग केलात तर हे कधीच कळणार नाही, कारण पाठवणारा आणि ऐकणारा दोघांचं घड्याळ एकच. सगळं गोडगोड दिसतं. मीही महिनाभर त्या गोडव्यात होते. मग पुण्याच्या एका मित्राकडून दुसरा प्लूटो उसना आणला. ८६६ मेगाहर्ट्झवर दोन डब्यांत साधारण ६ किलोहर्ट्झचं अंतर निघालं. मी १५ किलोहर्ट्झचे सबकॅरिअर लावलेले, म्हणजे चाळीस टक्के सरकलेले. फळ्यावरच्या त्या टेकड्या आठवा: शिखराच्या जागी शून्य हवं, तिथे आता प्रत्येक शेजाऱ्याचा उतार. ठिपके भिंगरीसारखे फिरायला लागले. प्रीअॅम्बलवरून (सुरुवातीच्या ठरलेल्या तुकड्यावरून) फरक मोजून सरळ केलं तेव्हा थांबले. क्रिस्टलची दुरुस्ती डब्याच्या कॉन्फिग फाइलमध्ये नोंदवूनही ठेवता येते. पण त्या पहिल्या भिंगरीत मला समजलं की ऑर्थोगोनॅलिटी एकदा मिळवून कपाटात ठेवायची वस्तू नाही. दर मिलिसेकंदाला दोन घड्याळांनी मिळून ती पाळायची असते. महागड्या रेडिओत हे दिसलं नसतं, त्याचं घड्याळ फार सभ्य असतं. म्हणून या क्रिस्टलला मी दोषांच्या यादीत टाकते आणि मार्क कापत नाही.

वर्गात आता शेवटचा अर्धा तास एका प्रश्नाला जातो: एवढं सगळं असून ५जीने काय निवडलं? २०१६ मध्ये मोबाइलची मानकं ठरवणाऱ्या थ्रीजीपीपीच्या टेबलावर हे सगळे दावेदार होते, आणि निवड झाली सायक्लिक प्रीफिक्सवाल्या ओएफडीएमचीच. पोरं हसतात. मग मी आकडा लिहिते. आपल्याकडच्या ३.५ गिगाहर्ट्झच्या ५जीत १०० मेगाहर्ट्झचा पट्टा, ३० किलोहर्ट्झचे सबकॅरिअर, २७३ रिसोर्स ब्लॉक, प्रत्येकात १२ सबकॅरिअर. गुणा. ९८.२८ मेगाहर्ट्झ. एलटीईत दहा टक्के जाणारा बांध पावणेदोनवर आला. ओएफडीएमने आपली घडी न मोडता काठावर फिल्टर आणि विंडो लावून घेतल्या, रिसीव्हरला त्याची खबरही लागत नाही. म्हणजे नॉन-ऑर्थोगोनलवाले हरले, पण त्यांचा मुख्य मुद्दा गुपचूप मान्य झाला. याला पराभव म्हणायचं का, यावर स्टाफरूममध्ये आमचे एक ज्येष्ठ सर आणि मी अजून भांडतो.

घ्यावा कोणी? फक्त ऐकायचं असेल, विमानं, एफएम, हवामानाचे उपग्रह, तर आरटीएल-एसडीआरची काडी घ्या, पैसे वाचतील. हॅकआरएफ या दुसऱ्या रेडिओचा पल्ला मोठा, १ मेगाहर्ट्झ ते ६ गिगाहर्ट्झ, पण ८ बिट आणि एका वेळी एकच काम, पाठवणं किंवा ऐकणं. एफबीएमसीची विहीर ८ बिटांत इतकी खोल दिसणार नाही. यूएसआरपी हा महागडा रेडिओ मात्र संस्थेच्या पैशाने घ्यायची वस्तू आहे. वेव्हफॉर्म स्वतः लिहून, पाठवून, पकडून, सोडवायचा असेल तर प्लूटो घ्या, आणि जमलं तर एखाद्या मैत्रिणीलाही घ्यायला लावा. खरा डबा दोन असल्यावरच सुरू होतो. सोबत ३० डीबीचे दोन अॅटेन्युएटर आणि एक जादा एसएमए केबल मागवा. मी ज्या ऑनलाइन विक्रेत्याकडून ही केबल मागवली त्याने दोन वेळा आरपीवालीच पाठवली. पार्सल उघडल्यावर आधी मधली पिन बघा, मग पावती फाडा.

पाचपैकी साडेचार. अर्धा यूएसबीचा कापला.

मित्राचा डबा येत्या शनिवारी परत करायचाय. त्याआधी अल्फा ०.७५ वर आणून दोन डब्यांमध्ये चालतंय का बघायचं आहे. ती हुशार मुलगी म्हणते, चालेल. मी या वेळी काही बोललेले नाही.